तेरा मीटरचा गालिचा

ऑगस्ट २०२४ च्या पहिल्या आठवड्यात गारगोटीच्या चहाच्या टपऱ्यांवर नेमबाजीखेरीज दुसरा विषय असणं शक्यच नव्हतं. शेजारच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्टला फ्रान्समध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांनी ऑलिम्पिकचं कांस्य घेतलं होतं. पोरगं आपल्याच पट्ट्यातलं, त्यामुळे ज्यांनी आयुष्यात बंदूक हातात धरली नाही तेही दशांशातले गुण तोंडपाठ सांगू लागले.

त्यानंतर आठच दिवसांनी, ९ ऑगस्टला, पॅरिसच्या पोर्त द ला शापेल अरीनात रिदमिक जिम्नॅस्टिक्सची वैयक्तिक अंतिम फेरी झाली. तिथलेही गुण दशांशात होते, पण त्यांची वास्तपुस्त आपल्याकडे कुणी केली नाही. जर्मनीची दार्या वारफोलोमेएव्ह १४२.८५० गुणांसह पहिली आली. बल्गेरियाची बोर्याना कालेन १४०.६०० वर दुसरी, तर इटलीची सोफिया राफाएली १३६.३०० वर तिसरी. दुसऱ्या दिवशी सांघिक फेरीत चीन ६९.८००, इस्रायल ६८.८५० आणि इटली ६८.१०० असा क्रम लागला. या खेळातलं जर्मनीचं ते पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण, आणि चीनचंही पहिलंच.

टीव्हीवर ओझरतं पाहिलं तर हा खेळ नाचासारखा दिसतो आणि पाहणारा चॅनेल बदलतो. खरं तर नाच यातला सगळ्यात छोटा भाग आहे. १३ मीटर बाय १३ मीटरचा गालिचा, म्हणजे साधारण त्रेचाळीस फुटांचा चौक. त्यावर एकटी मुलगी सव्वा ते दीड मिनिटं. हातात चारपैकी एक साधन: हूप, बॉल, क्लब्सची जोडी किंवा रिबन. पूर्वी दोरीही असायची. वरिष्ठ गटाच्या वैयक्तिक स्पर्धांमधून ती २०१० नंतर गेली. चारही साधनांवर एकेक रचना करायची आणि चारींच्या गुणांची बेरीज करायची. पॅरिसचे ते १४२.८५० असे चार रचनांतून जमलेले आहेत. सांघिक प्रकारात पाच जणी एकदम गालिच्यावर उतरतात आणि दोन रचना करतात. पॅरिसला एक रचना पाच हूपांची होती, दुसरी तीन रिबन आणि दोन बॉल यांची.

कोल्हापूरच्या माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. आपल्याकडच्या मर्दानी खेळात हलगी-घुमक्याच्या ठेक्यावर लाठी आणि दांडपट्टा फिरतो, आता मुलीही तयारीनं फिरवतात. मनगट मोकळं हवं, पाय ठेक्यावर पडायला हवेत, आणि हत्यार हा हाताचाच पुढचा भाग वाटायला हवा. रिदमिकवाली मुलगी हेच करते. फरक असा की लाठी हातातून सुटली तर फजिती, आणि इथे साधन सोडावंच लागतं. आपल्या विट्याला, म्हणजे फेकायच्या भाल्याला, निदान माघारी ओढायला दोरी असते; हूपला काहीच नसतं.

या सोडण्यातच सगळी मेख आहे. खेळाच्या परिभाषेत त्याला ‘रिस्क’ म्हणतात. साधन उंच फेकायचं, ते हवेत असताना अंगाचे किमान दोन फेरे घ्यायचे आणि ते खाली येईल तिथे नेमकं हजर व्हायचं. फेरे घेताना नजर अर्थातच साधनावर राहत नाही. नजरेआड झेललं, हात न लावता पायांनी झेललं, जमिनीवर बसून झेललं, तर गुण वाढतात. म्हणजे ते कुठे पडणार हे फेकणाऱ्या हाताला आधीच ठाऊक हवं. चुकलं की वजाबाकी ठरलेली: जागेवरच उचललं तर ०.५, एकदोन पावलं टाकावी लागली तर ०.७, तीन किंवा जास्त पावलं गेली किंवा साधन गालिच्याबाहेर पडलं तर पुरता १ गुण. शिवाय त्या फेकीचे मिळणारे गुण बुडतात ते वेगळेच. गालिच्याच्या कडेला जादा साधनं मांडून ठेवलेली असतात. आपलं लांब घरंगळलं तर मुलगी धावत जाऊन दुसरं उचलते आणि संगीताला गाठते. संगीत तिच्यासाठी थांबत नाही.

पंचांचे तीन गट असतात. पहिला अवघडपणा मोजतो: उड्या, तोल, गिरक्या आणि साधनावरची हुकमत. दुसरा मांडणी पाहतो, तिसरा सफाई. या दोघांची सुरुवात दहापासून होते आणि ते वजा करत जातात. मांडणीवाल्यांना संगीत आणि हालचाल यांचा मेळ हवा असतो, आणि नाचाच्या पावलांचे सलग आठ-आठ सेकंदांचे तुकडेही. नाच म्हणून जे काही मागितलं जातं ते एवढंच.

रिबन मात्र स्वतंत्र प्रकरण आहे. सहा मीटर लांबीची साटीनची फीत, वजन किमान ३५ ग्रॅम, पन्नास-साठ सेंटीमीटरच्या काडीला अडकवलेली. ती रचनाभर हलतीच ठेवावी लागते, थांबली की लोळते. तिची लहान-लहान वर्तुळं काढायची किंवा सापासारख्या लाटा, आणि त्या एकाच उंचीच्या व एकमेकींना खेटून हव्यात. गाठ पडली तर दंड. हवेचा झोत लागला की ती भरकटते, म्हणून सभागृहातल्या वातानुकूलनाकडे प्रशिक्षक आधी बघतात. दमट हवेत फीत जड होते, चिकटते. मुली स्पर्धेआधी तिला इस्त्री करतात आणि घडी न पडता गुंडाळून ठेवतात. गारगोटीच्या भुदरगड तालुक्यातला पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांनी जुलैत इथे रिबन फिरवायची कल्पना करून पाहावी.

आता निकालाबद्दल. १९६३ साली बुडापेस्टला पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि ती सोव्हिएत संघाच्या ल्युदमिला साविंकोव्हानं जिंकली. १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आला, पण सोव्हिएत गटानं बहिष्कार टाकला होता आणि सुवर्ण कॅनडाच्या लोरी फंगला मिळालं. पुढे २००० ते २०१६ या पाचही ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक आणि सांघिक, दोन्ही सुवर्णं रशियाची. पॅरिसला रशिया नव्हता. म्हणून कुणी जर्मनीच्या आणि चीनच्या सुवर्णाला नाक मुरडतं. मला ते पटत नाही. रशिया मैदानात असतानाच, टोकियोला, वैयक्तिक सुवर्ण इस्रायलच्या लिनोय अश्रामनं आणि सांघिक सुवर्ण बल्गेरियानं नेलं होतं. मक्तेदारी तेव्हाच मोडली होती. शिवाय वारफोलोमेएव्ह स्वतः सायबेरियातल्या बार्नाऊलची. बाराव्या वर्षी ती जर्मनीत आली आणि श्टुटगार्टजवळच्या श्मिडेनमध्ये युलिया रास्किना यांच्याकडे शिकली. रास्किना या सिडनी ऑलिम्पिकमध्ये बेलारूससाठी रौप्य मिळवलेल्या. विद्या तिकडचीच, फक्त झेंडा बदलला. पॅरिसच्या आदल्या वर्षी वॅलेन्सियाच्या जागतिक स्पर्धेत तिनं वैयक्तिक पाचच्या पाच सुवर्णं घेतली होती, तेव्हा ऑलिम्पिकचं पदक काही लॉटरी नव्हती. २०२५ मध्ये रिओच्या जागतिक स्पर्धेतही ती पहिलीच आली. सांघिकमध्ये तिथे जपान पहिला आणि यजमान ब्राझील दुसरा. जुन्या पूर्व युरोपाबाहेर हा खेळ किती पसरलाय, ते त्या दोन नावांतच कळतं.

त्या नकाशावर भारत अजून कडेला आहे, आणि भारतात महाराष्ट्र बऱ्यापैकी मध्यभागी. त्यातही ठाणे. तिथल्या पूजा सुर्वे २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत भारताकडून उतरल्या, पुढे त्यांनी आणि मानसी सुर्वे यांनी मुली घडवायला घेतल्या. त्यांच्यातलीच संयुक्ता काळे. पंचकुल्यात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत तिनं पाच सुवर्णं घेतली. राष्ट्रकुलला २०१८ मध्ये मेघना रेड्डी आणि २०२२ मध्ये जम्मूची बवलीन कौर गेली होती. पदक अजून दूर आहे.

गारगोटीनं यात काय करावं? हे गाव शिक्षणाच्या बाबतीत कुणाच्या तोंडाकडे बघत बसलेलं नाही. जे. पी. नाईक यांनी इथे मौनी विद्यापीठ उभं केलं ते खेड्यातल्या मुलामुलींना शहर गाठावं लागू नये म्हणूनच. पण हा खेळ मैदानावर होत नाही. निदान आठ मीटर उंचीचं छत लागतं, नाहीतर हूप तुळईला लागतो. त्रेचाळीस फुटांचा चौक आणि भोवती मोकळी जागा लागते. जागतिक स्पर्धांना चालणारी साधनं सासाकी, चाकॉट, पास्तोरेल्ली अशा मोजक्या जपानी-इटालियन कंपन्यांची, म्हणजे परदेशातून मागवायची. आणि सहा-सात वर्षांच्या मुलीचं अंग न दुखावता सैल करणारी जाणती बाई लागते. माझ्या मते सगळ्यात दुर्मीळ तीच. लवचिकपणाच्या नावाखाली घिसाडघाई करणाऱ्याच्या हाती पोर देण्यापेक्षा तिला लाठी शिकवलेली बरी.

खर्च आणि जागा यांपलीकडे आता आणखी एक अडचण झाली आहे. भारतीय मुलींना परदेशी मोठ्या गर्दीसमोर खेळायला मिळायचं ते मुख्यतः राष्ट्रकुलमध्ये. २०२६ च्या ग्लासगो राष्ट्रकुलचा कार्यक्रम दहा खेळांपुरता आखडला आहे. त्यात जिम्नॅस्टिक्स आहे, पण फक्त आर्टिस्टिक, रिदमिक वगळलंय. २०३० ची स्पर्धा अहमदाबादला आहे. वरिष्ठ गटात उतरायला त्या वर्षी सोळा पूर्ण होणारी असावी लागते, म्हणजे तिथे उतरू शकणारी सगळ्यात लहान मुलगी २०१४ ची, आणि ती आत्ताच कुठल्यातरी गालिच्यावर असायला हवी.