मोटारीतील विजेची खोबण

मुंबईहून नाशिककडे जाणारा हमरस्ता ठाणे शहर मागे टाकून पुढे गेला, की भिवंडीचा परिसर लागतो. भिवंडीची जुनी ओळख मागांची. येथील यंत्रमागांवर निघणाऱ्या कोऱ्या कापडाने गावाचे नाव देशभर नेले. अलीकडे रहनाळ, पूर्णा, काल्हेर, माणकोली या भोवतालच्या गावांत मोठमोठी गोदामेही उभी राहिली आहेत. कापडाचे तागे, औषधे, पुस्तके, घरगुती यंत्रे असा नानाविध माल तेथे उतरतो आणि तेथूनच पुन्हा चढतो. त्यामुळे या रस्त्यांवरील मालमोटारींची रांग दिवसा काय किंवा रात्री काय, सहसा तुटत नाही.

या मालमोटारींत चालकाच्या समोरील फळीवर एक लहानशी गोल खोबण असते. तिला कोणी ‘सॉकेट’ म्हणतात, कोणी नुसतेच ‘लायटर’ म्हणतात. चालकाचा मोबाइल फोन तिच्यावरच भरला जातो. कोणत्या गोदामाच्या कोणत्या दाराशी माल उतरवायचा, हे त्याला त्या फोनवर कळते. अनोळखी गल्ल्यांतून वाट फोनच दाखवितो. आणि घरच्या माणसांचा आवाजही त्यातूनच ऐकू येतो. अर्थात ही खोबण रात्रीच्या वेळी निकामी झाली, म्हणजे दहा टनांची गाडी चालू असूनही चालक अडून राहतो.

या खोबणीचा जन्म मात्र फोनसाठी झालेला नाही. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अमेरिकेतील मोटारींत सिगारेट पेटविण्यासाठी ती रूढ झाली. तिच्यात एक दांडी बसविलेली असे. दांडीच्या टोकाशी तारेचे चपटे वेटोळे असे. दांडी आत दाबली, की वेटोळ्यातून विद्युत्प्रवाह वाहून ते लालबुंद होई आणि काही क्षणांनी ती दांडी आपोआप बाहेर उसळे. ही करामत खोबणीच्या तळाशी असलेल्या एका चापाची होती. निरनिराळ्या दोन धातूंच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून तो चाप बनविलेला असतो. तापल्यावर एक धातू अधिक प्रसरण पावतो, दुसरा कमी. त्यामुळे चाप वाकतो, त्याची पकड सुटते आणि दांडीमागील स्प्रिंग तिला बाहेर ढकलते. आज पुष्कळ मोटारींत हा चाप नसतो. खोबणीचा घाट मात्र तोच राहिला आहे. एका वस्तूसाठी केलेली सोय तिच्याशी काडीचाही संबंध नसलेल्या दुसऱ्या वस्तूच्या उपयोगी पडावी, असे यंत्रांच्या जगात अनेकदा घडते.

खोबणीची रचना अगदी साधी आहे. तळाच्या मध्यभागी धातूची एक टिकली असते. ती बॅटरीच्या धन टोकाशी जोडलेली असते. सभोवतालची धातूची भिंत ऋण टोकाशी, म्हणजेच बहुधा मोटारीच्या लोखंडी सांगाड्याशी जोडलेली असते. आत खुपसावयाच्या प्लगच्या टोकाला स्प्रिंगवरची एक लहान बोंडी असते आणि दोन्ही बाजूंस दोन लवचीक पट्ट्या असतात. बोंडी टिकलीला भिडली आणि पट्ट्या भिंतीला टेकल्या, की विजेचा मार्ग पूर्ण होतो. यांपैकी एक जरी स्पर्श सुटला, तरी प्रवाह थांबतो.

खोबण बंद पडली, की ‘वायर जळाली’ असे म्हणून लोक मोकळे होतात. वस्तुतः वायर क्वचितच जळालेली असते. कित्येक मोटारींत किल्ली फिरविल्याशिवाय खोबणीत वीजच येत नाही. तेव्हा प्रथम तेवढे पाहावे. मग तोच प्लग दुसऱ्या एखाद्या गाडीत लावून बघावा. तेथेही तो चालला नाही, तर दोष प्लगचा ठरला. पुष्कळ प्लगांची बोंडी आट्यांनी उघडते आणि तिच्या आत काचेच्या नळीत बारीक तार असते. ती तुटलेली असण्याचा संभव असतो. प्लग निर्दोष असेल, तर किल्ली काढून घेऊन विजेरीच्या प्रकाशात खोबणीत डोकावावे. भिवंडीच्या रस्त्यांवरील धूळ, पावसाळ्यातील दमट हवेने तळाच्या टिकलीवर चढलेला गंज, बिस्किटाचा चुरा, यांपैकी काहीही स्पर्श तोडण्यास पुरेसे असते. खाचखळग्यांतील हादऱ्यांनी सैल प्लग हळूहळू बाहेर सरकतो, हे तर नित्याचेच. कधी कधी मात्र आत एखादे नाणे सापडते, आणि मग निराळीच हकीकत उलगडते.

नाणे एका कडेने टिकलीला आणि दुसऱ्या कडेने भिंतीला टेकते. फोनसारख्या उपकरणातून जाताना प्रवाहाला अडथळा होतो, म्हणून तो बेताचा वाहतो; नाण्याचा अडथळा जवळजवळ नाहीच. अशा वेळी प्रवाह एकदम लोंढ्यासारखा वाहू लागतो. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ जेम्स जूल याने १८४० च्या सुमारास प्रयोगांनी दाखवून दिले, की तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट, आणि दसपट झाला तर शंभरपट! त्या उष्णतेने तारेवरील आवरण वितळून पेट घेऊ शकते.

हे टळावे म्हणून त्या मार्गात मुद्दामच एक दुबळी जागा ठेवलेली असते. तीच वितळतार, बोलीभाषेत फ्यूज. ठरलेल्या मर्यादेपलीकडे प्रवाह गेला, की ती स्वतः वितळते आणि मार्ग तोडते. मोटारीतील फ्यूज रंगावरून ओळखता येतात : १० अँपिअरचा तांबडा, १५ चा निळा, २० चा पिवळा. तांबड्याच्या जागी तांबडाच बसवावयाचा असतो. तोही वितळण्याचे कारण शोधून काढल्यानंतर. नाही तर नाणे आत तसेच असावयाचे आणि दुसरा फ्यूजही पहिल्याच्या वाटेने जावयाचा.

मालमोटारींच्या तळांवर दुरुस्ती करणाऱ्या वायरमनपाशी एक विनवणी हटकून येते. कापडाचे तागे भरून गाडी सुटण्याच्या बेतात असते. क्लीनर सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद पुढे करून म्हणतो, “उस्ताद, नवा फ्यूज कुठं शोधायचा आता? ही चांदी गुंडाळून द्या ना. नाशिकला पोचल्यावर बदलू.”

“अरे पोरा, चांदी वितळायची नाही, वायर पेटेल,” वायरमन म्हणतो. “मागं कापड आहे ना भरलेलं? मग फ्यूज नाही, गाडीच बदलावी लागेल.”

तो प्रथम एका बल्बाला जोडलेल्या दोन तारा फ्यूजच्या दोन्ही बाजूंस लावून वीज कोठपर्यंत येते ते पाहतो, मग बॅटरीची तार सोडवून लाकडी काडीने नाणे बाहेर काढतो. धातूचा चिमटा तो वापरीत नाही. कारण तार जोडलेली राहिली असेल, तर चिमटाही नाण्याचेच काम करील.

विद्युत्दाबाकडेही लक्ष द्यावे लागते. बहुतेक प्रवासी मोटारी आणि लहान टेम्पो १२ व्होल्टांवर चालतात. अनेक अवजड मालमोटारींत मात्र १२ व्होल्टांच्या दोन बॅटऱ्या एकीपुढे एक जोडून २४ व्होल्ट मिळविलेले असतात. खोबण दोहोंकडे सारखीच दिसते! केवळ १२ व्होल्टांसाठी केलेले उपकरण तेथे लावले, तर ते क्षणात निकामी होण्याचा धोका असतो. म्हणून उपकरणावर ‘१२–२४ व्होल्ट’ असे छापलेले आहे की नाही, ते अगोदर वाचावे.

एकाच खोबणीला तीन-तीन फाटे काढण्याची हौसही पुष्कळांना असते. समजा, एका फाट्यावर चहाच्या पाण्याची किटली १० अँपिअर घेत आहे आणि दुसऱ्यावर चाकात हवा भरणारा पंप ८ अँपिअर घेत आहे. फाटे कितीही काढले, तरी मागची तार एकच असते. तिच्यातून १८ अँपिअर जाऊ लागले, की १५ चा फ्यूज वितळणार. लोक अशा वेळी फ्यूजला दोष देतात. त्या बिचाऱ्याने आपले काम चोख बजावलेले असते.

फ्यूज शाबूत असूनही एक अडचण उद्भवते. शिसे आणि आम्ल यांची बॅटरी फ्रान्समधील गॅस्टन प्लांते याने १८५९ मध्ये तयार केली. इंजिन सुरू करण्यासाठी मोटारींत आजही प्रामुख्याने तिचाच वापर होतो. इंजिन चालू असताना ती पुन्हा भरत राहते, बंद असताना नुसतीच रिती होते. एखादा टेम्पो गोदामाच्या दारी रात्रभर पाळीची वाट पाहत उभा आहे आणि त्याच्या खोबणीवर औषधांची थंड पेटी ४ अँपिअर घेत आहे, असे समजू. आठ तासांत ३२ अँपिअर-तास खर्च होतात. टेम्पोची बॅटरी ४० अँपिअर-तासांची असेल, तर उरलेल्या विजेवर इंजिन सुरू होणे कठीण. पहाटे दार उघडते, नंबर पुकारला जातो, आणि चालक किल्ली फिरवितो तो केवळ ‘टक्’ असा आवाज येतो. मग शेजारच्या टेम्पोवाल्याला उठवून, त्याची बॅटरी जाड तारांनी आपल्या बॅटरीला जोडून, इंजिन सुरू करून घ्यावे लागते. मागच्या रांगेतील गाड्यांचे भोंगे तोवर वाजू लागलेले असतात.