सुगंधी तेले : थेंब मोजूनच वापरावीत

सर्दीवर निलगिरी, दाढदुखीवर लवंगतेल, डोकेदुखीवर पुदिन्याचा अर्क हे उपाय आपल्या घरांत पूर्वापार चालत आले आहेत. अलीकडे त्यांच्या जोडीला टी ट्री, लॅव्हेंडर, गवती चहा यांची तेले चेहरा, केस आणि स्नानाच्या पाण्यासाठी घेतली जातात. वनस्पतीचे आहे, म्हणजे निर्धोकच असणार, हा समज मात्र घातक आहे.

खोबरेल घाण्यावर निघते. ते स्निग्ध आणि सौम्य असते. सुगंधी तेल बहुधा पाने, फुले किंवा साल यांपासून वाफेच्या साहाय्याने मिळवतात. ढीगभर पाल्यातून ते थोडेसेच निघते, त्यामुळे त्यातील द्रव्ये तीव्र असतात. लवंगेतील युजेनॉल किंवा गवती चहातील सिट्रल यांनी त्वचेचा दाह होऊ शकतो. एकदा अ‍ॅलर्जी जडली की पुढे अल्प प्रमाणही सोसत नाही.

म्हणून ही तेले खोबरेल किंवा तिळाच्या तेलात मिसळूनच लावावीत. 10 मिलिलिटर, म्हणजे दोन लहान चमचे खोबरेलात अंगासाठी चार थेंब आणि चेहऱ्यासाठी दोनच थेंब पुरेत. हे प्रमाण अनुक्रमे सुमारे 2 आणि 1 टक्का भरते. प्रथम हाताच्या आतील बाजूस थोडे लावून 24 ते 48 तास वाट पाहावी. लाली किंवा खाज आल्यास ते तेल वापरू नये.

स्नानाच्या बादलीत नुसते थेंब टाकणेही योग्य नव्हे. तेल पाण्यात विरघळत नाही; ते तरंगते आणि तसेच त्वचेला चिकटते. लिंबाच्या सालीपासून दाबून काढलेले तेल लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन डाग पडू शकतात. बाटली घट्ट बंद करून अंधाऱ्या, थंड जागी ठेवावी. हवा आणि प्रकाश लागून जुने झालेले तेल त्वचेला अधिक बाधते.

सर्वांत मोठा धोका लहान मुलांना आहे. कापूर किंवा निलगिरीचे तेल पोटात गेल्यास काही मिनिटांतच झटके येऊ शकतात. तान्ह्या बाळाच्या नाकापाशी ते लावू नये, गळ्यात कापराची पुरचुंडीही बांधू नये. अपस्मार असलेल्या प्रौढांनीही या दोहोंपासून दूर राहावे. गर्भवती, स्तनदा माता आणि दम्याचे रुग्ण यांनी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

मुलाने तेल प्यायल्यास उलटी करवू नये. तेल फुप्फुसात उतरण्याचा धोका असतो. लक्षणांची वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि बाटली सोबत न्यावी. कोणते तेल, किती गेले, हे डॉक्टरांना तिच्यावरून कळते. एरवी त्या बाटलीची जागा औषधांप्रमाणेच मुलांच्या हाताबाहेर, कुलपात असावी.