दुकाने बंद, नैवेद्य सुरू

मध्यप्रदेश सरकारने १ एप्रिल २०२५ पासून उज्जैनसह १९ धार्मिक ठिकाणी दारूविक्री बंद केली. बातमी आली तसा बाहेरगावच्या नातेवाइकांचा मला एकच प्रश्न, "मग काळभैरवाचं काय?" कारण भैरवगढच्या या मंदिरात मद्याचाच नैवेद्य असतो. पुजारी बशीत थोडे मद्य ओतून मूर्तीच्या ओठांना लावतात आणि उरलेली बाटली प्रसाद म्हणून भक्ताला परत देतात.

तर दुकाने बंद झाली, नैवेद्य सुरू आहे. महादजी शिंद्यांनी इथे आपली पगडी वाहिल्याचे सांगतात. त्यामुळे आपल्या मराठी मंडळींना हा देव घरचाच वाटतो.

मला हा निर्णय पटतो. व्यसन वेगळे आणि श्रद्धा वेगळी, एवढा विवेक सरकारने दाखवला. पण दुसऱ्या धर्माची गोष्ट निघाली की हा विवेक कुठे जातो? आपली ती परंपरा आणि शेजाऱ्याची ती कटकट, हा सूर आपल्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवरही रोज दिसतो.

याच भैरवगढात बाटिकचे काम चालते. वितळलेल्या मेणाने कापडावर नक्षी काढतात, मग कापड रंगात बुडवतात. मेणाखालच्या भागाला रंग लागत नाही. हे कारागीर बहुतेक मुस्लिम छिपा समाजाचे. २०२३ मध्ये उज्जैनच्या बाटिकला भौगोलिक मानांकन मिळाले. इथल्या चादरी आपण वर्षानुवर्षे अंथरतो. २०२८ च्या सिंहस्थाला याल तेव्हा भैरवाचे दर्शन घ्या आणि या कारागिरांच्या दारातही डोकावून या.