शस्त्र बाळगण्याचा हक्क राज्यघटनेत का आला नाही?

अमेरिकेच्या राज्यघटनेतील १७९१ सालच्या दुसऱ्या दुरुस्तीने शस्त्र बाळगण्याच्या हक्काला संरक्षण दिले. भारतीय राज्यघटनेत असा हक्क नाही. मात्र तो कोणी मागितलाच नव्हता, असे नाही. स्वातंत्र्यलढ्यातील ती एक जुनी मागणी होती.

लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ साली झालेल्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याविना शस्त्र बाळगण्यास मनाई केली. युरोपियनांना मात्र त्यातून सूट मिळाली. हा भेदभाव भारतीयांच्या जिव्हारी लागला. १९२८ च्या नेहरू अहवालात, तसेच मार्च १९३१ मध्ये सरदार पटेल यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या काँग्रेसच्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट करण्यात आला. अहिंसेचा पुरस्कार करणाऱ्या पक्षाने ही मागणी करावी, यात विसंगती नव्हती. प्रश्न समान दर्जाचा होता.

घटना समितीपुढील मसुद्यात मात्र हा हक्क नव्हता. डिसेंबर १९४८ मध्ये तेराव्या अनुच्छेदावरील चर्चेत हरि विष्णू कामत यांनी दुरुस्ती मांडून कराची ठरावाचे स्मरण करून दिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ती स्वीकारली नाही. परकी सरकार पराधीन जनतेला जाणूनबुजून नि:शस्त्र ठेवीत होते, तेव्हाची मागणी समजण्यासारखी होती; आता परिस्थिती पालटली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. हा मूलभूत हक्क ठरल्यास सराईत गुन्हेगारही त्यावर दावा सांगतील, अशी भीती त्यांनी व्यक्त केली. व्यक्तीच्या हक्कापेक्षा संकटकाळी राज्यासाठी शस्त्र धारण करण्याच्या तिच्या कर्तव्यावर भर द्यावा, असेही त्यांनी सुचविले. दुरुस्ती फेटाळली गेली.

हाच अनुच्छेद पुढे एकोणिसावा झाला. त्यात एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य आहे, पण ते शांततेने आणि विनाशस्त्र. पंचविसाव्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात मात्र कृपाण धारण करणे हा शीख धर्माच्या आचरणाचा भाग मानला आहे. शस्त्रांविषयी कायदा करण्याचा अधिकार संसदेकडे आला आणि १८७८ च्या कायद्याची जागा १९५९ च्या शस्त्र कायद्याने घेतली. परवान्याची अट कायम राहिली. परंतु ती आता परकी सत्तेची नसून लोकांनी निवडलेल्या संसदेची आहे. कराचीच्या मागणीमागील मूळ तक्रार अशा रीतीने, हक्क न देताच, दूर झाली.