घासचक्रीवर काचकागद बसविताना

खुरप्याची मूठ खडबडीत असली तर एका दिवसाच्या निंदणीत तळहाताला फोड येतात. कुऱ्हाडीच्या दांड्यावर कूस राहिली तर ती ऐन घावाच्या वेळी बोटात शिरते. दांडा गुळगुळीत करण्याचे हे काम आता पुष्कळ ठिकाणी घरच्या कर्मशाळेतील घासचक्रीवर होते. बाजारात तिला डिस्क सँडर म्हणतात. मोटरीने फिरणाऱ्या सपाट तबकडीवर गोल काचकागद चिकटविलेला असतो.

तबकडी ३०० मिलिमीटर व्यासाची असून मिनिटाला १,४४० फेरे घेत असेल, तर तिची कड ताशी सुमारे ८० किलोमीटर वेगाने धावते. अर्धवट चिकटलेला कागद या वेगात सुटला तर फाटून अंगावर येतो. म्हणून कागद बसविण्याच्या कामी घाई करू नये.

तबकडीची तयारी

प्रथम विजेची जोडणी काढून टाकावी. जुना कागद थोडा ऊब देऊन कडेपासून हळूहळू सोलावा. उरलेला चिकटा टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसावा. या वेळी जवळ विस्तव किंवा विडी नसावी. तबकडी पूर्ण कोरडी होऊ द्यावी. कागद सुटण्याचे कारण बहुधा येथेच असते. तेलाचा ओशटपणा किंवा भुशाचा कण राहिला तर उत्तम चिकटाही धरत नाही.

कागदाची निवड

कागदाचा क्रमांक जितका मोठा, तितका तो बारीक. बाभळीचा दांडा प्रथम ६० किंवा ८० क्रमांकाने घासावा व शेवटचा हात १२० क्रमांकाने फिरवावा. कागद तबकडीच्या मापाचा असावा. कडेबाहेर आलेला भाग फाटतो.

चिकटविण्याची रीत

काही कागदांच्या पाठीला चिकटा लावलेलाच असतो. त्यावरील आवरण प्रथम अर्धेच सोडवावे, कड जुळवावी आणि मग उरलेले काढीत कागद टेकवीत न्यावा. साध्या कागदासाठी रबरी चिकटद्रव्याचा पातळ हात कागदाला व तबकडीला, दोहोंना द्यावा. डब्यावर सांगितलेला वेळ थांबून, बोटाला चिकटेनासे झाले की मगच दोन्ही जोडावे. एकदा टेकलेला कागद सरकविता येत नाही. दोन्ही प्रकारांत शेवटी लाटणे मध्यापासून कडेकडे दाबून फिरवावे. आत हवेचा फुगा राहिला तर कागद तेथेच प्रथम फाटतो.

चालविण्यापूर्वी

तबकडी एकदा हाताने फिरवून पाहावी. टेबल व कागद यांतील फट दोन मिलिमीटरहून अधिक नसावी, कारण रुंद फटीत बोट किंवा लाकूड ओढले जाते. नंतर बाजूला उभे राहून यंत्र एक मिनिट रिकामे चालवावे. लाकूड नेहमी तबकडीच्या खाली जाणाऱ्या अर्ध्या भागावरच धरावे. वर जाणारा भाग ते उडवून देतो. चष्मा व मुखपट्टी वापरावी, हातमोजे व सैल बाह्या टाळाव्यात. विळ्याचे पाते येथे घासू नये. त्याच्या ठिणगीने साठलेला भुसा पेट घेतो.

ग्रामसेवकांनी ही रीत यंत्र असलेल्या एखाद्या घरी चार शेतकऱ्यांसमोर करून दाखवावी. कागद थोडक्या पैशांत पुन्हा मिळतो. गेलेले बोट मिळत नाही.