शाळा सुटल्यानंतरचा तास

बीदर जिल्ह्यातले भालकी, बसवकल्याण, औराद आणि कलबुर्गी जिल्ह्यातला आळंद या तालुक्यांत कन्नड, मराठी आणि उर्दू माध्यमाच्या शाळा एकमेकींच्या शेजारी भरतात. १९५६ पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यात होता. राज्य पुनर्रचनेत बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्याकडे गेले आणि भालकी, औराद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, आले. नातीगोती, बाजारहाट आणि घरातली मराठी मात्र दोन्हीकडे तशीच चालू राहिली.

या पट्ट्यातल्या मराठी माध्यमाच्या शिक्षकाचे एकटेपण समजून घ्यायचे तर त्याच्या टेबलावरची पुस्तके पाहावीत. ती मराठीत असतात, पण अभ्यासक्रम कर्नाटकाचा. कर्नाटक सरकार सात माध्यमांत पाठ्यपुस्तके छापते आणि मराठी त्यांतले एक आहे. महाराष्ट्रातून, उदगीर-लातूरकडून आणलेले स्वाध्याय किंवा प्रश्नसंच हाताशी असले, तरी धड्यांचा क्रम जुळत नाही आणि काही वेळा पारिभाषिक शब्दही वेगळे निघतात. प्रशिक्षण आणि परिपत्रके बहुतेक कन्नडमधून येतात. लहान शाळेत दोनच शिक्षक असतील, तर दोन-तीन इयत्ता एका खोलीत बसतात. अपूर्णांक शिकवताना अडले तर त्याच भाषेत, त्याच पुस्तकावर बोलू शकेल असा दुसरा माणूस शेजारच्या गावात असेलच असे नाही.

सरकारी रचनेत आधाराची सोय कागदावर चांगली आहे. १९९४ मध्ये सुरू झालेला जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आणि २००१ मध्ये आलेले सर्व शिक्षा अभियान यांतून तालुक्याला बीआरसी (गट साधन केंद्र) आणि काही शाळांच्या गटाला सीआरसी (समूह साधन केंद्र) अशी केंद्रे उभी राहिली. सीआरसीच्या साधनव्यक्तीने, म्हणजे सीआरपीने, शाळांत जावे, वर्ग पाहावा, मदत करावी आणि समालोचन सभेत शिक्षकांनी आपल्या अडचणी मांडाव्यात, ही मूळ कल्पना. प्रत्यक्षात अशा सभांचा बराच वेळ माहिती, तक्ते आणि योजनांचा हिशेब यांत जातो. मदतीला येणारा माणूसच वर अहवालही पाठवतो, हा दोष त्याहून मोठा आहे. ज्याच्या वहीत आपली नोंद होणार, त्याच्यापुढे ‘माझ्या चौथीतल्या सहा मुलांना वाचता येत नाही’ असे कोण सहज म्हणेल?

स्वेच्छेने जमणाऱ्या गटाचे महत्त्व इथे कळते. ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकात शिक्षककेंद्रे निघाली, ती शिक्षकांनी आपसांत शिकावे म्हणूनच. १९६४-६६ च्या कोठारी आयोगानेही जवळपासच्या शाळांचे संकुल करून त्यांनी एकमेकींना हात द्यावा, असे सुचवले होते. कर्नाटकातले सर्वांत ठळक उदाहरण ‘नलि-कलि’ या शिक्षणपद्धतीचे. म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यातल्या शिक्षकांनी १९९५ मध्ये ऋषी व्हॅली या शिक्षणसंस्थेच्या ग्रामीण शाळा पाहिल्या आणि एकत्र बसून आपल्या बहुवर्ग शाळांसाठी कार्डे, चित्रे आणि शिकण्याच्या पायऱ्या तयार केल्या. २००९-१० मध्ये ही पद्धत राज्यभरच्या सरकारी कन्नड शाळांतल्या लहान वर्गांत गेली. पूर्वी गुलबर्गा (आताच्या कलबुर्गी) जिल्ह्यात असलेल्या आणि आता यादगीरमध्ये मोडणाऱ्या सुरपूर तालुक्यात अझीम प्रेमजी फाउंडेशनने शाळांबरोबर काम केले. शिक्षकांनी शाळेच्या वेळेबाहेर, कोणाच्या हुकमाशिवाय जमण्याचे स्वेच्छा मंच आणि शिक्षक अध्ययन केंद्रे हा त्या संस्थेच्या कामाचा महत्त्वाचा भाग आहे.

अशा बैठकीत काय होते? समजा, एका शिक्षिकेने तिसरीतल्या मुलाची वही आणली. बावन्न वजा सत्तावीस, उत्तर पस्तीस. पहिल्या नजरेला ही निव्वळ चूक. चौघांनी नीट पाहिले की उलगडते: मुलाने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान वजा केला, सातातून दोन आणि पाचातून दोन. त्याचा नियम पक्का आहे, फक्त चुकीचा. मग कोणी सांगते की आपण काड्यांचे दहाचे गठ्ठे देऊन एक गठ्ठा मुलाला स्वतः सोडायला लावतो. दुसरे कोणी म्हणते की ‘हातचा घे’ हे शब्द आठवडाभर काढायचेच नाहीत. पुढच्या बैठकीत ती शिक्षिका काय घडले ते सांगते. एक वही, एक चूक, एक तास एवढे पुरते. या वेळात मुलाला ‘ढ’ ठरवणे आपोआप मागे पडते, ही माझ्या मते त्या तासाची सर्वांत मोठी कमाई.

सीमाभागात या गटाला आणखी एक काम असते. कर्नाटकात मराठी माध्यमाच्या मुलालाही कन्नड शिकावीच लागते. कन्नडमध्ये ‘ए’ आणि ‘ओ’ यांचे ऱ्हस्व आणि दीर्घ असे वेगळे उच्चार आहेत, मराठीत तसा फरक नाही. ऱ्हस्व ‘ओ’ने ‘कोडु’ म्हटले तर ‘दे’, तोच स्वर लांबवला तर ‘शिंग’. मराठी घरातले मूल दोन्ही सारखेच उच्चारते, आणि याचे कारण त्याचा कान आहे, आळस नव्हे. उलट कन्नड घरातून मराठी शाळेत आलेले मूल ‘खुर्ची तुटला’ म्हणते, कारण कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंना स्त्रीलिंग-पुल्लिंग नसते. शेजारच्या कन्नड शाळेतल्या शिक्षकाबरोबर अर्धा तास बसले की दोन्ही गोष्टींचा उलगडा होतो. म्हणून मराठी शिक्षकांचा गट फक्त मराठी माध्यमाचा ठेवणे हा त्यांचाच तोटा आहे. विषय आणि पाठ्यपुस्तक यांसाठी दूरच्या मराठी शिक्षकाची सोबत हवी, भाषा आणि गाव यांसाठी शेजारच्या कन्नड, उर्दू शिक्षकाची.

या मातीत हुकमाची वाट न पाहता शिकवण्याची परंपरा आहे. भालकीच्या हिरेमठाच्या डॉ. चन्नबसव पट्टद्देवरूंनी निजामी राजवटीत बाहेर उर्दूची पाटी लावून आत कन्नड शिकवले, ही आठवण अजून आदराने सांगितली जाते. सीमेपलीकडे अक्कलकोट तालुक्यात महाराष्ट्राच्या कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत आणि तिथल्या शिक्षकांचे एकटेपणही असेच, फक्त उलट्या दिशेने. सोबतीने शिकण्याचे उदाहरणही महाराष्ट्रात आहे. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये (शाळांच्या गटात) विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी मिळून ज्ञानरचनावादी वर्ग उभे केले, ते पाहायला राज्यभरातून शिक्षक येत होते. एकमेकांचा वर्ग उघड्या डोळ्यांनी पाहणे हेच तिथले मोठे प्रशिक्षण होते.

गट टिकण्याच्या गोष्टी साध्या आहेत. कर्नाटकात शनिवारी शाळा सकाळची असते, म्हणून दुपारचा वेळ मिळतो. जागा बसस्टँडजवळच्या शाळेत हवी, कारण शेवटची बस चुकेल या भीतीने शिक्षिका यायच्या थांबतात. हजेरीपट ठेवू नये आणि फोटो वर पाठवू नयेत. बैठक चालवण्याचे काम दर वेळी वेगळ्या माणसाकडे असावे. अधिकारी आले तर शिक्षक म्हणून बसावेत. व्हॉट्सअॅपचा गट सूचनेपुरता उपयोगी. परिपत्रके आणि सुप्रभात यांच्या गर्दीत वहीतली चूक तिथे दिसत नाही. नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाला पहिल्या महिन्यातच कोणीतरी आपल्याबरोबर घेऊन यावे, आणि त्याने पहिल्या दिवशी काही बोलावेच असा आग्रह धरू नये.