अपूर्णांकानें भागाकार : शेताच्या हिशेबांतून

पूर्णांकास पूर्णांकानें भागणें बहुतेक शेतकरी बंधुभगिनींस सहज जमतें. परंतु भाजक अर्धा, पाऊण किंवा दोन तृतीयांश असा आला कीं पुष्कळांचा हात थबकतो, आणि भागाकाराच्या जागीं गुणाकार होऊन बसतो. याचें कारण असें कीं, भागल्यानें संख्या लहान होते, ही समजूत लहानपणापासून मनांत रुजलेली असते. भाजक एकाहून मोठा असतां ती खरी आहे. पण भाजक एकाहून लहान असतां उत्तर मूळ संख्येहून मोठें येतें. हें कसें, तें शेतांतल्याच उदाहरणांनीं पाहूं.

भागाकार म्हणजे "यांत तें किती वेळां बसतें?" असा प्रश्न समजावा. समजा, ६ एकर जमिनीचे पाऊण पाऊण एकराचे तुकडे पाडावयाचे आहेत. एका एकरांत ४ पाव असतात. म्हणून ६ एकरांत २४ पाव झाले. प्रत्येक तुकड्यास ३ पाव लागतात, आणि २४ मध्यें ३ आठ वेळां बसतात. अर्थात् तुकडे ८. पडताळा गुंठ्यांनीं घ्यावा. एकराचे गुंठे ४०, म्हणून ६ एकरांचे २४०. पाऊण एकराचे ३०. आणि २४० भागिले ३० म्हणजे ८ च.

येथें आपण काय केलें? ६ ला ४ नें गुणिलें व ३ नें भागिलें. भाजकाचा अंश व छेद उलटून गुणावें, असा जो नियम शाळेंत सांगतात, त्याचें मर्म एवढेंच आहे. छेदानें गुणल्यानें सर्वांचे सारखे लहान भाग होतात, व अंशानें भागल्यानें त्यांचे गट पडतात. भास्कराचार्यांनीं ११५० सालच्या 'लीलावती' ग्रंथांत हाच नियम दिलेला आहे.

आतां पाण्याचा हिशेब घेऊं. पंपास ८ तास वीज मिळणार आहे, आणि एक वाफा भिजण्यास दोन तृतीयांश तास, म्हणजे ४० मिनिटें, लागतात. ८ × ३/२ = १२; वाफे १२ भिजतील. जो चुकून ८ × २/३ करील, त्यास ५ १/३ हें उत्तर येईल. तो पांचच वाफ्यांची तयारी करील, आणि पाणी हाताशीं असून सात वाफे कोरडे राहतील.

भाग पुरता न गेल्यास अधिक सावध राहावें. ५ एकरांत पाऊण एकराचे तुकडे किती? ५ × ४/३ = ६ २/३. पुष्कळजण यावरून सहा तुकडे पडून दोन तृतीयांश एकर उरला, असें समजतात. तें बरोबर नाहीं. उरलेले दोन तृतीयांश हे एकराचे नव्हेत, तुकड्याचे आहेत. सहा तुकड्यांचे १८० गुंठे गेले. २०० पैकीं २० गुंठे, म्हणजे अर्धा एकर, उरला. दोन तृतीयांश एकर धरून बियाणें व खत आणल्यास, जी जमीन नाहींच अशा साडेसहा गुंठ्यांहून अधिक जागेचा पैसा व्यर्थ जाईल.

एके काळीं शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे पाढे पाठ करून घेत. ज्यांस ते येतात, त्यांस कागदाचीही गरज नाहीं. पाऊणकींत ६ कोठें येतात? आठाच्या जागीं. म्हणून ६ भागिले पाऊण म्हणजे ८. दिडकींत १२ कोठें येतात? तेही आठाच्याच जागीं. म्हणून १२ भागिले दीड म्हणजे ८. घरांतील वडीलधाऱ्यांस हे पाढे येत असल्यास मुलांनीं ते त्यांच्याकडून अवश्य शिकून घ्यावे.

उत्तर आल्यावर दोन गोष्टी पाहाव्या. भाजक एकाहून लहान असेल तर उत्तर मूळ संख्येहून मोठें आहे कीं नाहीं. आणि उत्तरास भाजकानें गुणिलें असतां मूळ संख्या परत येते कीं नाहीं. बियाण्याची मागणी, पाण्याची पाळी किंवा मालाची वांटणी दुसऱ्यानें मांडून दिली, तरी या दोन कसोट्या लावल्यावांचून ती मान्य करूं नये. सरावासाठीं एक उदाहरण : ९ लिटर दूध पाऊण लिटरच्या किती बाटल्यांत भरेल? उत्तर १२ आलें पाहिजे.